आबांची हेरल्ड घाटात नेण्याआधी

कोथरूड, पुणे
१८ नोव्हेंबर २०२५

चि. मनू हिस,


तुझा निरोप मिळाला. डिसेंबरात आबांची हेरल्ड घेऊन आंबोलीमार्गे गोव्याला जायचं तू ठरवलंस. वाचून फार आनंद झाला, हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं पत्र सूचनांचं आहे. आबा गेल्यापासून गाडी माझ्याकडे शेडमध्ये आहे. दर पंधरवड्याला मी ती चांदणी चौकापर्यंत फिरवून आणतो, पण तेवढ्या फेरीवर लांबच्या प्रवासाचा भरवसा धरता येत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी ही गाडी काय आहे ते समजून घे. ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. तिचा आकार काढला मिकेलोत्ती नावाच्या इटालियन कारागिराने. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती आपल्याकडे बनवायला घेतली. आपली १९६४ ची, दोन दारांची. इंजिन अवघं ९४८ सीसीचं. इंग्लंडमध्ये १९६२ साली याच हेरल्डची चासी आखूड करून तिच्यावर स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार उभी केली. म्हणजे आपली गाडी ही स्पिटफायरची थोरली बहीण. हे मी मिरवायला सांगत नाही. स्पिटफायरचे अनेक भाग इंग्लंडमध्ये आजही नवे मिळतात आणि त्यांतले बरेच आपल्या गाडीला चालतात, हा या नात्याचा फायदा. आणि स्पिटफायरच्या खोडीही आपल्या गाडीत आहेत, त्या तुला माहीत असल्याच पाहिजेत.

पहिली खोड मागच्या चाकांची. दोन्ही मागचे अ‍ॅक्सल मधल्या डिफरन्शियलपाशी वेगवेगळे झुलतात. वळणात वेगाने शिरलीस आणि घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढलास, तर गाडीची मागची बाजू उचलली जाते, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडल्यासारखं होतं आणि शेपूट फिरतं. आजच्या गाड्या चालवलेल्या माणसाला याची कल्पनाच नसते. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, आणि वळण संपेपर्यंत पाय हलका पण स्थिर ठेवायचा. वळणात ब्रेक नाही. आंबोलीच्या घाटात पावलोपावली हे लागेल.

दुसरी खोड पुढच्या चाकांची, आणि ती जास्त गंभीर आहे. पुढच्या प्रत्येक चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी तुकड्यात आट्यांवर फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात ग्रीस भरायचं नसतं, ९० नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी राहतं, दांडा आतून गंजतो आणि एक दिवस तुटतो. आबांनी एकदा गाडी एका गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली होती, तिथे सवयीने ग्रीस मारलं गेलं. वर्षभराने सदाशिव पेठेतल्या गल्लीत, माणूस चालेल इतक्या वेगात, आबांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि डावं चाक आडवं पडलं. कुणाला काही झालं नाही. तेच आदल्या रविवारी आम्ही सगळे दिवे घाटातून खाली येत होतो. तुझी आईही त्या दिवशी गाडीत होती. तेव्हापासून आबांनी एक ग्रीसगन फक्त गिअर ऑइलसाठी ठेवली, तिला लाल रंग दिला. ती तुझ्या सामानात पहिली. निघण्याआधी दोन्ही बाजूंना ऑइल भर, ते बाहेर पाझरू लागेपर्यंत.

आता मुख्य गोष्ट. वाटेत गाडी बंद पडली तर हात लावण्याआधी विचार करायचा.

१९८७ च्या मे महिन्यात पसरणी घाटात गाडी मिस करायला लागली आणि दोन वळणं वर जाऊन थांबली. मी चोवीस वर्षांचा होतो. डिकीतला होता नव्हता तेवढा माल काढला. प्लग बदलले, कॉइल बदलली, पॉइंट घासले, कार्बुरेटर उघडून जेट फुंकलं, वर टाइमिंगही हलवलं. गाडी आधी अधूनमधून तरी पेटत होती, आता ढिम्म. वाईहून एका वयस्क मिस्त्रींना आणलं. त्यांनी आल्या आल्या गाडीकडे पाहिलंही नाही, मला विचारलं, "सकाळपासून काय काय बदललंत?" मी यादी सांगितली. त्यांनी मी केलेलं एकेक उलट करायला लावलं, टाइमिंग होतं तिथे आणलं. मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतली वीतभरही नसलेली, पॉइंटांकडे जाणारी वायर दोन बोटांनी अलगद ओढली. ती रबरासारखी ताणली गेली. आतली तार तुटली होती, वरचं आवरण शाबूत होतं. इंजिनाने जोर घेतला की आतली प्लेट सरकते, वायर ताणली जाते आणि करंट जातो. चार आण्यांची वायर. माझे तीन तास आणि एक चांगली कॉइल मी वाया घालवली होती.

तो प्रश्न मी आयुष्यभर जपला आहे. तूही जप. एका वेळी एकच गोष्ट बदल. फरक पडला नाही तर जुनी वस्तू परत बसव आणि मगच पुढे जा.

क्रम असा ठेव. आधी करंट: प्लगची वायर काढून इंजिनाच्या धातूपासून थोड्या अंतरावर धर, लाकडी चिमट्याने, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग. निळी ठिणगी पडली तर करंट आहे, मग पेट्रोलकडे वळ. पिवळी, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर पॉइंट पाहा. फट पंधरा थाऊ, म्हणजे ०.०१५ इंच. प्लगची पंचवीस थाऊ. फिलर गेज डॅशबोर्डाच्या खणात आहे. कंडेन्सर हल्ली नवे आणले तरी आठवड्यात जातात, म्हणून डब्यातला चालू असलेला जुना कंडेन्सर टाकून देऊ नकोस. डायनामोचा लाल दिवा चालता चालता लागला तर मात्र तिथेच थांब, पुढच्या ढाब्याची वाट पाहू नकोस. फॅनबेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी, आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो. दहा मिनिटं तशीच चालवलीस तर हेड गॅस्केट गेलंच.

पेट्रोलचा त्रास आता आबांच्या वेळेपेक्षा वेगळा आहे. पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं, ओल धरतं आणि टाकीत साचलेली घाण सुटी करून पुढे ढकलतं. मी सगळ्या पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आहेत, पंपाचा पडदा बदलला आहे आणि मेन जेट एक नंबर मोठं केलं आहे, कारण इथेनॉलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. दर दोनशे किलोमीटरवर बॉनेट उचलून नळ्यांवरून बोट फिरव आणि वास घे. सबंध बॉनेट पुढे उघडतं, पुढच्या चाकावर बसून काम करता येतं, तेव्हा आळस करायला जागा नाही. चढावर दुपारच्या उन्हात पंपात पेट्रोलची वाफ झाली तर गाडी तहानल्यासारखी दम टाकते. पंपावर ओलं फडकं टाक, पंधरा मिनिटं झाडाखाली बस, पंपाचा छोटा दांडा हाताने मारून पेट्रोल चढव.

चारही ब्रेक ड्रमचे आहेत आणि त्यांची नळी एकच. कुठेही गळती झाली की पेडल तळाला जातं आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. सिलिंडरचं रबर आणि ब्रेक ऑइल दोन्ही नवं घातलं आहे, तरी रोज सकाळी पातळी बघायची. उतारावर गिअरने उतर. ड्रम तापले की पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. चढावर दुसऱ्यावर दम गेला तर आधी गाडी पूर्ण थांबव, मग पहिला टाक.

कागदपत्रांबद्दल तू विचारलंस. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे, 'व्हीए' अक्षरांच्या पाटीची. पाटी देखणी दिसते, पण ती घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आपल्याला गाडी फिरवायची आहे. म्हणून मी जुनीच नोंदणी चालू ठेवली आहे. विमा आणि पीयूसी दोन्ही आहेत.

पाने इंचाचेच ने. अर्ध्या इंचाच्या नटाला तेरा एमएमचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाच्या कडा खातो. बेअरिंग किंवा ऑइल सील गेलं तर गाडीचं नाव सांगत बसू नकोस, बेअरिंगवरचा नंबर आणि सीलचं माप सांग. इथे नाना पेठेत मिळतं तसंच कोल्हापुरातही मिळेल. मोबाइल चार्जर मात्र गाडीला जोडायचा नाही. आपल्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला आहे, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. जंप स्टार्ट देणाऱ्यालाही हे आधी सांग.

आणि थेट गोव्याला निघायचं नाही. एका रविवारी जुना कात्रज घाट, येऊन-जाऊन. पुढच्या रविवारी दिवे घाटातून सासवड. तिसऱ्याला वाई आणि पसरणी चढून पाचगणी. प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठा टाक, सकाळी कुठे कसला थेंब पडलाय ते वहीत लिही. गाडी सुटताना मागून 'टक' असा आवाज आला तर अ‍ॅक्सलचे क्रॉस गेलेत, तेव्हा पाचगणी रद्द. तिन्ही फेऱ्या नीट झाल्या तर निपाणी, आजरा, आंबोली असा रस्ता तुझा. पहाटे निघ आणि अंधार पडण्याआधी मुक्कामाला पोच. आता गाळप हंगाम आहे, कोल्हापूरच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्यांशिवाय उभ्या असतात. आपल्या हेडलाइटचा उजेड तेवढ्यासाठी पुरत नाही.

या रविवारी सकाळी सहाला जुने कपडे घालून ये. ट्रनियनमध्ये ऑइल भरणं, पॉइंटची फट लावणं आणि फॅनबेल्ट बदलणं, ही तीन कामं मी फक्त बघेन, करायची तू. ती झाली की किल्ली तुझी.

तुझा
मामा