संगणकाची धुळाक्षरे : प्रौढ व्यापाऱ्याच्या दृष्टीने

आपल्या हाथीखान्याच्या धान्यबाजारात पेढीवरील संगणकापुढे बसणारा बहुधा मुनीम असतो, नाहीतर नातू. पेढीचा धनी मागे उभा राहून पडद्याकडे पाहतो आणि ‘झाले का?’ एवढेच विचारतो. साठीनंतर ही विद्या आपली नव्हे, असा कित्येकांचा समज आहे. प्रस्तुत लेखात त्या समजाचा थोडा विचार करावयाचा आहे.

१२ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने गव्हावर साठामर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास ती ३,००० टन होती. पुढे १ एप्रिल २०२४ पासून साठा सरकारी संकेतस्थळावर जाहीर करण्याचे व त्यानंतर दर शुक्रवारी तो नोंदविण्याचे बंधन आले. आपला वखारीतील हिशेब पोत्यांचा, बाजारातील क्विंटलाचा आणि सरकारी मर्यादा टनांत! ५० किलोची २४० पोती म्हणजे १२० क्विंटल, अर्थात १२ टन. चपळ बोटांच्या एखाद्या तरुणाने टनाच्या रकान्यात १२० हा आकडा घातला, तर यंत्राला त्यात वावगे काहीच दिसत नाही, आणि वखारीत आहे त्याच्या दहापट गहू पेढीच्या नावावर जाहीर होतो. ही चूक पकडण्यास संगणकशास्त्र लागत नाही. ज्याच्या डोळ्यांखालून ती पोती गेली आहेत असा माणूस लागतो. परंतु त्या माणसास पडदाच वाचता येत नसेल, तर त्याच्या ४० वर्षांच्या अनुभवाचा उपयोग काय? जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली जाब देण्याची वेळ आली तर तो धन्यालाच द्यावा लागेल, नातवाला नव्हे.

यास्तव प्रश्न निपुण होण्याचा नाही. आपल्या नावाने जाणारी नोंद आपणांस वाचता यावी आणि परवलीचा शब्द आपल्याच हाती असावा, इतकेच पुरे. कोऱ्या हुंडीवर सही करून ती दुसऱ्याच्या हाती देणारा व्यापारी शहाणा गणला जात नसे. पासवर्ड मात्र आपण गादीवरून मोठ्याने सांगतो.

२०१७ साली शासनाने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान हाती घेतले. शिक्षण २० तासांचे होते. परंतु ते ग्रामीण भागापुरते, व तेही १४ ते ६० वयाच्या लोकांसाठी. मार्च २०२४ मध्ये तेही संपले. शहरातील साठी उलटलेल्या व्यापाऱ्याची गणना त्यात नव्हतीच. आपली शाळा आपणांस पेढीवरच भरविली पाहिजे. तथापि २० तास हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नित्य अर्धा तास दिल्यास ते ४० दिवसांचे काम होते.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. शास्त्राभ्यासाची ही रीत यंत्रास लावणे काहींना रुचणार नाही. पण शिकण्याचा क्रम म्हणून ती मला फार मार्मिक वाटते. प्रौढ मनुष्य वाचतो, मननही करतो. तो अडतो पृच्छनेपाशी. ज्याला आपण पगार देतो, किंवा ज्याच्याकडून आपणच पाढे म्हणवून घेतले, त्याला ‘हे कसे करावयाचे?’ असे तिसऱ्यांदा विचारणे जड जाते. आणि आम्नाय, म्हणजे घोकणे, ते तर आपण मुलांवर सोपविलेले. माऊस हातात स्थिरावणे हे मात्र केवळ आम्नायाचे फळ आहे. १९९० च्या विंडोजमध्ये सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ दिला होता, तो लोकांचा हात चित्रे ओढण्या-सोडण्यास सरावावा म्हणून, असे सांगतात. (पत्त्यांचे वावडे असेल त्यांनी दुसरे काही ओढावे!) शिकविणाऱ्यासही एक अट घालावी : त्याने तोंडाने सांगावे, माऊसला हात लावू नये. ‘आणा, मी करून देतो’ असे तो म्हणाला की त्या दिवसाचा पाठ बुडाला.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहो. इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक आपल्या वर्णमालेस धरून रचलेला आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. ज्या कळीवर क, तीच शिफ्टसह दाबली की ख. तसेच ग-घ, त-थ, प-फ. ऱ्हस्व इकार कागदावर आपण व्यंजनाच्या डावीकडे काढतो, येथे उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर द्यावयाचा. शिवाय मराठी व गुजराती या दोन्ही लिप्यांत त्याच अक्षराची कळ तीच. घरी मराठी व गिऱ्हाइकाशी गुजराती लिहिणाऱ्या वडोदेकरास एका श्रमात दोन फळे मिळतात. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची रीत तरुणांना सुलभ वाटते. इंग्रजीची सवय नसलेल्यास ते दुहेरी ओझे होते.

अक्षरांनंतर आकडेतक्ता, ज्यास स्प्रेडशीट म्हणतात, तो घ्यावा. अशा तक्त्याचा व्हिजिकॅल्क हा पहिला लोकप्रिय कार्यक्रम डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली बाजारात आणला. हार्वर्ड येथे शिकत असता, फळ्यावरील एक आकडा बदलताच पुढील सर्व आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे पाहून ब्रिकलिन यांस ती कल्पना सुचली. रोजमेळ लिहिणाऱ्यास ही अडचण समजावून सांगावयास नको. पहिला तक्ता एकाच वखारीचा करावा : पोती, दर पोत्याचे किलो, क्विंटल, टन. शेवटच्या दोन रकान्यांत आकडे न घालता सूत्र घालावे, मग पोत्यांचा आकडा बदलून पुढचे आकडे आपोआप कसे बदलतात ते पाहावे, आणि तोंडी हिशेबाशी ताडावे. एक लाख वीस हजार ही रक्कम १२०,००० अशी दिसल्यास घाबरू नये. यंत्राची मांडणी परदेशी आहे, प्रदेश म्हणून भारत निवडल्यास १,२०,००० असे दिसू लागते.

प्रारंभास कार्तिक शुद्ध पंचमी सोईची. व्यापाऱ्यांची लाभपंचमी व श्रावकांची ज्ञानपंचमी एकच; पेढी नुकती उघडलेली, सौदे थोडे, आणि नातवाच्या शाळेलाही दिवाळीची सुटी असते.