थंडीतली सायकल आणि वाहते नाक



जानेवारीतली पहाट डोळ्यांसमोर आणा. नाशिक जिल्ह्यातील निफाडचा परिसर आहे. द्राक्षबागांवर धुके उतरले आहे. घडांना थंडी बाधू नये म्हणून बागांत ठिकठिकाणी शेकोट्या धुमसत आहेत. या भागात थंडी कडाक्याची पडते. काही वर्षी तर पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली गेलेला आहे. अशा पहाटे तुम्ही कॅरिअरला दप्तर अडकवता, सायकलवर टांग टाकता आणि पाच-सहा किलोमीटरवरच्या शाळेकडे निघता. पहिला किलोमीटर होतो न होतो तोच नाकाशी ओलसर लागू लागते. तुम्ही एकदा नाक ओढता, दोनदा ओढता. शेवटी शर्टाची बाही नाकाकडे जाते!

वर्गात शिरून दहा-पंधरा मिनिटे झाली की नाक आपोआप कोरडे होते. पण एखाद्या दिवशी हे वाहते नाक आजीच्या नजरेस पडते आणि घरात हुकूम सुटतो, "पोरीला सर्दी झाली. उद्यापासून सायकल बंद!" ज्या गावाला शाळेच्या वेळेवर एस.टी. नाही, तिथे सायकल बंद म्हणजे शाळाच बंद. तेव्हा प्रश्न वरवर हसण्याजोगा वाटला, तरी त्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे. ही खरोखर सर्दी आहे का? आणि नसेल, तर हे पाणी येते तरी कोठून?

नाक म्हणजे नुसते भोक नव्हे

आपली फुप्फुसे मोठी नाजूक असतात. त्यांना हवा हवी असते ती शरीराइतकी उबदार, म्हणजे सुमारे ३७ अंशांची, आणि बाष्पाने पूर्ण भरलेली. बाहेर मात्र कधी निफाडची थंडी, तर कधी नागपूरचा कोरडा उन्हाळा. मिळेल त्या हवेला फुप्फुसाजोगी करण्याचे काम बहुतांशी नाक करते.

नाकपोकळीच्या प्रत्येक बाजूला शिंपल्याच्या कडेसारखी वळलेली तीन हाडे असतात. त्यांच्यामुळे हवेला सरळ वाट मिळत नाही. ती अरुंद फटींतून, ओल्या आणि उबदार भिंतींना घासत जाते. या भिंतींवर श्लेष्मल त्वचेचे अस्तर असते. त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. ते हवेला उष्णता देते. त्यातच असंख्य छोट्या ग्रंथी असतात. त्या ओलावा पुरवतात. अस्तरावर पक्ष्माभिका नावाचे सूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि चिकट श्लेष्म्याचा थर, त्यात अडकलेल्या धुळीसह, हळूहळू घशाकडे ढकलत राहतात. तिथून तो आपण नकळत गिळतो. म्हणजे नाकात ओलावा सदैव तयार होत असतो, पण एरवी तो पुढे न येता मागे जातो.

थोडा हिशेब करू या

८ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ८ ग्रॅम बाष्प मावते. ३७ अंशांच्या तेवढ्याच हवेत सुमारे ४४ ग्रॅम मावते. याचा अर्थ, बाहेर कितीही धुके असले तरी आत घेतलेल्या प्रत्येक घनमीटर हवेला शरीराने सुमारे ३६ ग्रॅम पाणी पुरवले पाहिजे.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. सायकल चालवताना हे प्रमाण सहज ३० लिटरपर्यंत जाते. अर्ध्या तासाचा रस्ता धरला तर ३० × ३० = ९०० लिटर, म्हणजे ०.९ घनमीटर हवा झाली. तिला लागणारे पाणी ०.९ × ३६ म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. चहाच्या चमच्यात ५ ग्रॅम पाणी मावते असे मानले, तर हे सहा चमच्यांहून अधिक झाले!

आता श्वास सोडतानाची गंमत पाहा. आत येणाऱ्या थंड हवेने नाकाचा पुढचा भाग गार केलेला असतो. शिवाय एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती अस्तरातूनच जात असल्याने नाक आणखी गार होते. फुप्फुसांतून परतणारी उबदार, ओली हवा या गार भिंतींना लागते आणि तिच्यातील काही बाष्पाचे पुन्हा पाणी होते. चहाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात, तसेच हे. नाकातून बाहेर पडताना हवा ३० अंशांची झाली असे धरू. तिच्यात दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहते. उरलेले १४ ग्रॅम नाकातच जमा होते. आपल्या अर्ध्या तासात हे साडेबारा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अडीच चमचे झाले.

हे सगळेच पाणी बाहेर गळते असे नाही. पुढच्या श्वासाची कोरडी हवा त्यातले बरेचसे पुन्हा उचलते. ही निसर्गाची काटकसर आहे. वाळवंटातील प्राण्यांनी ती फार पुढे नेली आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-निल्सन यांनी १९६४ साली एका सहकाऱ्यासह कांगारू-उंदराच्या नाकातील ही पाणी वाचवण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे १९८१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की पाण्याचा तुटवडा असलेला उंट रात्री श्वास सोडताना हवा थंडही करतो आणि तिच्यातले आणखी बाष्पही नाकात राखून ठेवतो. तुमचे नाकही याच जातीचे यंत्र आहे, फक्त तितके कंजूष नाही!

मग नाक वाहते का?

याला एक नव्हे, चार कारणे आहेत.

पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ग्रंथींचा उत्साह. थंड हवा लागताच नाकातील मज्जातंतू मेंदूकडे वर्दी देतात आणि मेंदूकडून ग्रंथींना हुकूम सुटतो, "पाणी वाढवा!" ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तोंडात चिंच पडताच लाळ सुटते, तशीच. बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांचीही नाके अशीच वाहतात. त्यांच्या नाकात अ‍ॅट्रोपिन हे औषध फवारून पाहण्यात आले. मज्जातंतूंचा निरोप ग्रंथींपर्यंत पोचू न देणे हे या औषधाचे काम. तेव्हा नाकाचे वाहणे बरेच कमी झाले. यावरून निरोपाचा वाटा किती मोठा आहे ते कळते. (आपल्याकडच्या धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिनसारखीच द्रव्ये असतात, पण धोतरा विषारी आहे. त्याचा प्रयोग कोणीही, कधीही करू नये.)

दुसरे कारण आपण वर हिशेबात पाहिले, ते म्हणजे परतणाऱ्या श्वासातील बाष्पाचे पाणी होणे.

तिसरे कारण म्हणजे पक्ष्माभिकांची मंदगती. गारठ्यात त्या हळू हलतात. मागे जाणारा ओलावा पुढच्या भागात साचतो आणि गुरुत्वाकर्षणाने खाली येतो.

चौथे कारण डोळ्यांत आहे. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल चालवली, तर वारा पडलेला असला तरी तुमच्या चेहऱ्यावर सेकंदाला चार मीटरहून अधिक वेगाचा वारा आदळतो. डोळे चुरचुरतात, अश्रू वाढतात. डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यातून एक बारीक नलिका थेट नाकात उतरते. तिच्यातून हे अश्रू नाकात येतात. रडताना नाक का वाहते, याचे उत्तरही इथेच मिळाले, नाही का?

पायी येणाऱ्या मित्रापेक्षा तुमचे नाक अधिक का वाहते, हेही आता उलगडेल. तुम्ही अधिक हवा घेता, आणि वारा तर तुम्ही स्वतःच निर्माण करता.

सर्दी कशी ओळखावी?

सर्दी हा विषाणूंमुळे होणारा, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा आजार आहे. त्यात घसा खवखवतो, शिंका येतात, अंग मोडून येते, क्वचित ताप येतो, नाक चोंदते आणि उबेत बसूनही ते थांबत नाही. थंडीने वाहणारे नाक मात्र पाण्यासारखे पातळ असते आणि उबेत आल्यावर थोड्याच वेळात थांबते. त्याचा संसर्ग कोणाला होत नाही. यासाठी सर्दीच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांतील काहींनी गुंगी येते, आणि गुंगीत सायकल चालवणे धोक्याचे असते.

पण काही खुणांकडे दुर्लक्ष करू नका. थंड हवेत छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागला, फार खोकला आला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना दाखवा. तो दमा असू शकतो. सायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून, विशेषतः एकाच नाकपुडीतून, पाणी येऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात गेलेच पाहिजे.

उपाय साधेच

१. नाकावरून मफलर किंवा सुती रुमाल सैलसर गुंडाळा. सोडलेल्या श्वासातील ऊब आणि बाष्प कापडात अडकते व पुढच्या श्वासाबरोबर परत मिळते. हे जणू नाकापुढे बसवलेले दुसरे नाकच! मात्र कापडाची टोके चाकात जाणार नाहीत अशी खोचा. कापड रोज धुवा.

२. घाई टाळा. दहा मिनिटे आधी निघा आणि पहिला किलोमीटर सावकाश जा. वेग कमी म्हणजे हवा कमी आणि वाराही कमी.

३. शक्य तोवर नाकानेच श्वास घ्या. तोंडाने घेतल्यास नाक कमी वाहील, पण गार हवा थेट घशावर जाईल.

४. नाक पुसायचे तर सायकल रस्त्याच्या कडेला थांबवा. एका हाताने हँडल धरून खिशात रुमाल चाचपताना खड्डा आला तर काय होईल? पट्टीच्या सायकलपटूंच्या कित्येक हातमोज्यांवर अंगठ्यापाशी टॉवेलसारखे मऊ कापड शिवलेले असते, ते नाक आणि घाम पुसण्यासाठीच. तुम्ही मनगटावर रुमाल बांधून तेच साधू शकता.

५. नाक शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी, तीही हलकेच. जोर केला तर कानात दडे बसतात. सायकल चालवता चालवता रस्त्यावर शिंकरू नका. मागून कोणीतरी येत असते! नंतर हात धुवा.

६. पुन्हा पुन्हा पुसून नाकाखालची त्वचा सोलवटते. निघण्यापूर्वी तिथे बाहेरून व्हॅसलीनचे बोट फिरवा.

करून पहा

(अ) स्टीलची थंड ताटली नाकाखाली आडवी धरा आणि नाकाने श्वास सोडा. बाष्पाचे दोन ठिपके उमटतील. बहुधा एक मोठा व एक लहान असेल, कारण दोन्ही नाकपुड्या आलटून पालटून काही तास कमी-अधिक मोकळ्या असतात. दुपारी पुन्हा पाहा.

(आ) खोलीचे तापमान मोजण्याचा तापमापक घ्या. पहाटे अंगणात हवेचे तापमान मोजा. मग तापमापकाचा फुगा मफलर आणि नाक यांच्या मध्ये धरून, दोन मिनिटे स्वस्थ उभे राहून मोजा. फरक किती अंशांचा आला? (काच जपा. सायकलवर हा प्रयोग करू नका.)

(इ) शिक्षकांच्या मदतीने वर्गात एक आठवडा नोंद ठेवा: पहाटेचे तापमान, सायकलने आलेले किती व पायी आलेले किती, त्यांपैकी किती जणांचे नाक वाहत होते, आणि वर्गात आल्यावर किती मिनिटांनी थांबले. कोणाचीही नावे लिहू नका, फक्त आकडे लिहा.

विचार करा

१. उन्हाळ्यात तितक्याच वेगाने सायकल चालवली तर नाक का वाहत नाही?

२. गरम, तिखट रस्सा खाताना नाक वाहते. वरील चार कारणांपैकी कोणते तिथे लागू पडेल?

३. बाहेरची हवा २० अंशांची आणि बाष्पाने भरलेली असेल, तर तिच्यात दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प असते. मग अर्ध्या तासाच्या रस्त्यात शरीराला किती पाणी पुरवावे लागेल?

आणि हो, आजीशी वाद घालू नका. शाळेतून घरी आल्यावर तिला तुमची आठवड्याची नोंद दाखवा. उबेत आल्यावर नाक किती मिनिटांत थांबते, ते तिलाच घड्याळ लावून पाहू द्या. मग तिनेच विणलेला मफलर नाकावर गुंडाळा आणि दुसऱ्या दिवशी खुशाल सायकलवर टांग टाका!