खाऱ्या मातीतील परसबाग

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, खार उपनगराच्या समुद्राकडील अंगास, खारदांडा ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. समोर अथांग सागर पसरलेला. परंतु किनाऱ्यावर उगवलेल्या मेथीच्या इवल्याशा रोपाला त्या सागरातील एक घोटही उपयोगी पडत नाही. वाळवंट केवळ राजस्थानातच असते असे नाही. मुळांना पिण्याजोगे पाणी जेथे मिळत नाही, तेथे त्या रोपापुरते वाळवंटच असते. अशा ठिकाणी हिवाळ्यात भाजीचा वाफा फुलवायचा आणि चार कोंबड्या सुखाने वाढवायच्या, तर कष्टांबरोबर शहाणपणही लागते.

खारे पाणी रोपाला का चालत नाही? काकडीच्या चकत्यांवर मीठ भुरभुरून थोडा वेळ ठेवले, की ताटलीत पाणी सुटते. मीठ काकडीतील पाणी बाहेर ओढून घेते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी मुळांशी घातले, तर मूळ पाणी शोषून घेण्याऐवजी स्वतःजवळचेच गमावून बसते. भोवती ओल असूनही रोप तहानेने सुकते.

खारदांड्याला लागून असलेल्या सांताक्रूझ येथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. थरच्या वाळवंटातील जैसलमेरला वर्षभरात पडतो तो सुमारे दोनशे मिलिमीटर. तरीही या दोन ठिकाणांत एक साम्य आहे. मुंबईचा पाऊस ऑक्टोबरमध्ये परतला, की पुढे सात-आठ महिने आकाश कोरडे राहते. मात्र जाताना तो एक मोठे काम करून जातो. त्याच्या धारांनी मातीच्या वरच्या थरातील मीठ धुऊन खाली जाते. म्हणून पावसाळा संपताच वाफे तयार करावेत. पुढे हिवाळ्यात ऊन सौम्य होते, माती निवळलेली असते. किनाऱ्यावर भाजीसाठी याहून चांगला काळ नाही.

परंतु खाली गेलेले मीठ कायमचे गेलेले नसते. मुलुंड, भांडुप या भागांतील मिठागरे प्रसिद्ध आहेत. तेथे उथळ कोंड्यांत खारे पाणी साठवतात. उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ उरते. मिठागरात जे मुद्दाम केले जाते, तेच निष्काळजी माणसाच्या वाफ्यात नकळत घडते. उघड्या मातीवर ऊन पडले, की खालची ओल वर चढते, तिच्याबरोबर क्षारही येतात. पाणी उडून जाते आणि मातीवर पांढरी साय धरते. यावर उपाय साधा आहे. वाफ्यावर वाळलेला पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा पसरावा. माती झाकली, की ओल टिकते आणि मीठही सहसा वर येत नाही.

पिकाची निवडही विचारपूर्वक करावी लागते. पालक आणि बीट थोडा खारटपणा सोसतात. फरसबी, कांदा व गाजर यांना तो मानवत नाही. मुंबईच्या बाजारात मुळांसकट बांधलेल्या लहान जुड्यांची ‘समुद्र मेथी’ मिळते. समुद्रालगतच्या वाळूत ती पिकवतात, म्हणून तिला हे नाव पडले. नाव समुद्राचे असले, तरी तिला पाणी गोडेच द्यावे लागते. ती कोवळी असतानाच उपटतात. त्यामुळे थोड्या पाण्यावर आणि थोड्या दिवसांत भाजी हाती येते. कमी पाण्याच्या जागी अशीच पिके शहाणी ठरतात.

मग हे गोडे पाणी आणायचे कोठून? किनाऱ्यालगतच्या विहिरीचा बेसुमार उपसा केला, तर समुद्राचे पाणी जमिनीखालून आत सरकते आणि गोडी विहीर खारी होते. नळाचे पाणी तर दुरून येते. सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरील तानसा तलावाचे पाणी मुंबईला १८९२ सालापासून मिळू लागले. हा तलाव ज्या शहापूर तालुक्यात आहे, तेथील कित्येक पाड्यांवरच्या लोकांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे ज्याने जाणले, तो नळी सोडून वाफा भिजवणार नाही. तो तांदूळ धुतल्याचे व भाजी धुतल्याचे पाणी साठवून वाफ्याला घालील. मातीचे भाजलेले मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून, झाकून ठेवावे. मडक्याला पाझर असतो. त्यातून मुळांना हवी तेवढीच ओल मिळत राहते. कोरड्या प्रदेशांतील शेतीचा अभ्यास करण्यासाठी जोधपूर येथे १९५९ सालापासून एक केंद्रीय संशोधन संस्था कार्य करीत आहे. रुक्ष भूमीतील शेतीचे पहिले सूत्र हेच, की पाणी मातीला नव्हे, मुळाला द्यावे.

आता कोंबड्यांकडे वळू. कोंबडीचा पूर्वज म्हणजे रानकोंबडा. तो दाट झाडीच्या सावलीत वावरणारा पक्षी. त्याच्या वंशजाला रखरखीत उन्हात कोंडणे हा अन्याय होय. कोंबडीला घाम येत नाही; उकाडा झाला, की ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. खुराडे हवेशीर असावे. जवळ मांडव घालून त्यावर वालाचा वेल चढवावा. वर शेंगा लागतात, खाली सावली पडते. कोंबडी जेवढे दाणे खाते, त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. म्हणून तिचे भांडे स्वच्छ पाण्याने सदैव भरलेले हवे. अंडी देण्यास कोंबडा लागत नाही. पिल्ले हवी असतील तरच तो लागतो. दाटीच्या वस्तीत पहाटेचे आरवणे शेजाऱ्यांना नको असेल, तर केवळ कोंबड्या पाळाव्यात.

अंड्याचे कवच चुन्याचे असते. तो चुना कोंबडीला अन्नातून मिळावा लागतो. कोळीवाड्यात तो विकत आणण्याचे कारण नाही. शिंपले स्वच्छ धुऊन, वाळवून, कुटून दिले की काम भागते. वाळवलेल्या मासळीची थोडी भुकटी दाण्यात मिसळल्यास पोषण होते. ती फार झाली, तर अंड्यांना वास येतो. मीठ लावलेली मासळी मात्र कोंबडीला मुळीच घालू नये. जे मीठ रोपाचा घात करते, ते कोंबडीलाही विषासारखे बाधते.

कोंबडीची विष्ठा उत्तम खत आहे. पण ताजी विष्ठा मुळे जाळते. पालापाचोळ्यात मिसळून ती काही महिने कुजू द्यावी. त्या खताने रेताड मातीत पाणी धरून ठेवण्याची शक्ती येते. वाफ्यात रोपे असेतोवर कोंबड्यांना कुंपणाबाहेर ठेवावे, अन्यथा त्या सारे उकरून टाकतील. भाजी काढून झाली, की त्यांना आत सोडावे. मग तेच उकरणे उपकारक ठरते. त्या किडे, अळ्या व तण वेचून खातात.

स्वच्छतेची हयगय मात्र होता कामा नये. ‘मानमोडी’ अथवा ‘राणीखेत’ या रोगाने खुराडीच्या खुराडी ओस पडतात. त्याची लस वेळेवर टोचून घ्यावी. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथमच बर्ड फ्लूची साथ आढळली आणि तेथील असंख्य कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. म्हणून मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. कोंबड्यांना दाणे घातल्यावर साबणाने हात धुवावेत.

आज खारदांड्यात घरे दाटीने उभी आहेत. ऐसपैस परसू सर्वांच्या वाट्याला येत नाही. परंतु हा धडा परसाच्या आकाराचा नाही. निसर्गाने जेथे सढळ हाताने दिले आहे, तेथे माणसाची उधळपट्टी खपून जाते. जेथे पाणी मोजके आहे, तेथे प्रत्येक चुकीची पांढरी रेघ मातीवर उमटते. तांदळाचे धुवण, रिकामा शिंपला, गळलेले पान, कोंबडीची विष्ठा यांपैकी काहीच टाकाऊ नाही, हे ज्या घराने ओळखले, त्या घराच्या दारी खाऱ्या मातीतही मेथी हिरवी राहते.

स्वाध्याय

१. भोवती ओल असूनही खाऱ्या पाण्याने रोप का सुकते, ते उदाहरण देऊन सांगा.
२. मिठागर आणि उघडा वाफा यांत लेखकाने कोणते साम्य दाखवले आहे?
३. कोंबड्या वाफ्याला कधी अपकारक व कधी उपकारक ठरतात?
४. एका दिवसात तुमच्या घरी धुण्यासाठी वापरलेले किती पाणी झाडांना देता आले असते, ते मोजून लिहा.