बिल पस्तीस हजार, क्लेम सत्तावीस हजार

क्रम्पल झोन कसा दबतो हे आपल्याला शिकवतात. पण तो दबल्यावर पैसे कोण आणि किती देतं, हे कुठल्याच सेमिस्टरला नाही. मागच्या दिवाळीत आमच्या गाडीचा क्लेम मीच केला (बाबांना फॉर्म बघितला की झोप येते), म्हणून लिहिते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते त्यातून मिळतं. स्वतःच्या गाडीचा पत्रा त्यात येत नाही, त्यासाठी ओन डॅमेज लागतं. दोन्ही मिळून जी पॉलिसी होते तिला आपण ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो. ती किती फुल असते, बघाच.

कोल्हापुरात शिरोली नाक्याजवळ एका टेम्पोने रिव्हर्स घेताना आमच्या गाडीचं तोंड फोडलं. टेम्पोतून बाहेर आलेल्या पाइपने पुढची काचही गेली. कुणाला लागलं नव्हतं. लागलं असतं तर आधी दवाखाना, आणि जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत पोलीस स्टेशन. हे कायद्यातच आहे. बाबांनी गाडी हलवण्याआधी दोन्ही नंबरप्लेटसकट फोटो काढले आणि तिथूनच कंपनीला फोन केला. गॅरेजवाला लगेच बंपर उतरवायला निघाला होता, त्याला थांबवलं. सर्व्हेअरने बघायच्या आधी गाडी खोलली की कुठलं नुकसान अपघाताचं आणि कुठलं जुनं, यावर वाद सुरू होतो.

आता गणित. गाडी साडेतीन वर्षांची, इंजिन १२०० सीसी. सोपं जावं म्हणून आकडे गोल केलेत आणि जीएसटी सोडलाय. बंपर ६,००० चा. प्लॅस्टिक आणि रबरावर ५० टक्के घसारा, म्हणून मिळाले ३,०००. बॉनेट आणि फेंडर १२,०००. धातूचा घसारा गाडीच्या वयावर असतो, तीन ते चार वर्षांना २५ टक्के. मिळाले ९,०००. काचेवर घसारा नाही, ५,००० पूर्ण. रंगकाम ८,०००. त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणून ७,०००. मजुरी ४,००० पूर्ण. झाले २८,०००. त्यातून सक्तीचं डिडक्टिबल १,००० गेलं (१५०० सीसीच्या वर २,०००). हातात २७,०००, खिशातून ८,०००. बाबा म्हणाले, लुबाडतात! पण हा तक्ता पॉलिसीतच छापलेला असतो, फक्त अक्षर मुंगीएवढं. झिरो डेप घेतलेलं असतं तर त्या आठातले सात हजार वाचले असते.

दुसरा फटका पुढच्या रिन्यूअलला बसतो. क्लेम न करता सलग वर्षं गेली की ओन डॅमेज प्रीमियमवर नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढत जातो. आमचा ३५ होता, ४५ होणार होता. आता शून्य. चूक टेम्पोची असली तरी पैसे आपल्या पॉलिसीतून घेतले ना, मग बोनस आपलाच जातो. टेम्पोच्या विम्यातून हवे असतील तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं, बाबांना तेवढा दम नव्हता. म्हणून दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी जाणाऱ्या बोनसचा हिशोब करा. बऱ्याचदा खिशातून भरलेलं स्वस्त पडतं.

हॉस्टेलवर हमखास विचारतात, मित्राची गाडी मी चालवत होतो तर? विमा गाडीचा असतो. मालकाची परवानगी आणि त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स असेल तर क्लेम होतो, बोनस मात्र मित्राचा जातो. लर्निंग लायसन्सवाले शेजारी पक्कं लायसन्सवाला न बसवता निघतात, त्यांचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. आमच्या विंगमधल्या दोघींनी हे वाचून गाडीची किल्ली परत केली आहे.