🐑 *मेंढीपालन सल्ला : पावसाळ्यात कोकरांना ऊन मिळतंय का?*



पावसाची झड लागली की बंदिस्त पालनातली कोकरं दिवसच्या दिवस शेडातच राहतात. आया थोडं चरून येतात, कोकरांना मात्र ऊन दिसत नाही. अशा वेळी त्यांच्या अंगातलं 'ड' जीवनसत्त्व कमी पडू शकतं.

*हे जीवनसत्त्व येतं कुठून?*
उन्हातले अतिनील किरण कातडीवर पडले की ते अंगातच तयार होतं. लोकरीमुळे मेंढीला याचा फायदा मुख्यतः तोंड, कान, पाय अशा उघड्या भागावर होतो. उन्हात वाळवलेल्या चाऱ्यातूनही थोडं मिळतं. दुधातून फारच कमी मिळतं. कोकरू आईच्या पोटातून जो साठा घेऊन येतं त्यावर सुरुवातीचे दिवस निघतात. म्हणून गाभण मेंढीलाही ऊन हवंच.

स्कॉटलंडसारख्या थंड मुलखात हिवाळ्यात ऊन फार तिरपं पडतं, त्यामुळे तिथे थंडीत मेंढ्यांमध्ये याची पातळी घसरते. आपल्याकडे हिवाळ्यातलं दुपारचं ऊनही पुरतं. आपली अडचण म्हणजे ढग आणि छप्पर.

*कमी पडलं तर?*
▪️ कॅल्शियम-फॉस्फरस नीट अंगी लागत नाही, मुडदूस होतो : कोकरू लंगडतं, गुडघे सुजतात, पाय वाकतात, वाढ खुंटते.
▪️ रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही हे जीवनसत्त्व लागतं. ते कमी असलं की प्रतिकारशक्तीची एक बाजू लंगडी पडते.

*काय करावं?*
१) उघडीप मिळाली की कोकरं व गाभण मेंढ्या बाहेर काढा. सकाळचं कोवळं ऊन ऊब देतं, पण त्यात हे किरण कमी असतात. साधी खूण : *आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन कामाचं.* शेजारी सावली व पाणी ठेवा.
२) शेडाला लागून कोरडी, उंचवट्याची मोकळी जागा ठेवा. काचेतून किंवा पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्यातून उजेड येतो, हे किरण येत नाहीत.
३) पावसाळ्यासाठीचा चारा उन्हाळ्यातच उन्हात वाळवून साठवा. बुरशी लागलेला चारा घालू नका.
४) मेंढ्यांसाठीचं खनिज मिश्रण नियमित द्या. पाकिटावर 'डी-३' लिहिलंय का बघा.
५) नुकत्याच कातरलेल्या मेंढ्या पावसात भिजू देऊ नका.

*हे करू नका ⚠️*
'ताकदीचं' म्हणून एडी३ई इंजेक्शन स्वतःच्या मनाने, पुन्हा पुन्हा टोचू नका. हे जीवनसत्त्व अंगात साठून राहतं. जास्त झालं तर मूत्रपिंड, रक्तवाहिन्या व हृदयात कॅल्शियम साचतं आणि जनावर दगावू शकतं. अंगात पुरेसं असताना आणखी दिल्याने प्रतिकारशक्ती वाढत नाही.

ऊन म्हणजे लस नव्हे. आंत्रविषार, पीपीआर, देवी यांचं लसीकरण आणि जंतनाशक वेळेवर हवंच. जन्मल्यावर लगेच चीक पाजणं तर पहिलं काम.

लंगडणारं प्रत्येक कोकरू मुडदुसाचंच असतं असं नाही. सांधे पिकणे, खूर सडणे, फॉस्फरसची कमतरता हीही कारणं असतात. आधी डॉक्टरांना दाखवा, मगच औषध. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी *१९६२* वर फोन करा.

आज उघडीप असेल तर दुपारी कोकरं बाहेर काढा, आणि चालताना कोणतं पाय ओढतंय ते बघा. 🙏