दारू सोडल्यानंतरचे चार दिवस

दारू सुटावी म्हणून घरोघरी नवस बोलतात, शपथा घालतात. पण ती एकदम सुटल्यावर पहिल्या चार दिवसांत काय होऊ शकतं, हे आमच्या चिखली तालुक्यातल्या गावात कुणी कुणाला सांगत नाही. मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्याच घरात घडलं, म्हणून सांगते.

माझे धाकटे दीर आधी फक्त संध्याकाळी प्यायचे. मग सकाळी उठल्याबरोबर लागायला लागली, नाहीतर हात थरथरायचे. सोयाबीनचा पैसा दारूत जायचा आणि जाऊ दुसऱ्याच्या वावरात निंदायला. शेवटी सासूबाईंनी शपथ घातली. दिरांनी ती मनापासून पाळली. पहिल्या दिवशी घाम, उलट्या, थरकाप. दुसऱ्या रात्री फिट आली. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "वहिनी, पाहा ना, किती किडे चढून रायले!" वारलेल्या सासऱ्यांशी बोलू लागले. आपण कुठं आहोत, तेही त्यांना कळेना.

गल्लीतली माणसं म्हणाली, बाहेरचं लागलं, सैलानीच्या दर्ग्यावर न्या. आमच्या जिल्ह्यात हे सहज सुचतं. होळीच्या यात्रेत दूरदूरहून लोक अशी माणसं घेऊन येतात. श्रद्धेला माझा विरोध नाही. पण जाऊ अडून बसली, "आधी दवाखाना." म्हणून १०८ ची गाडी बोलावली. तिच्या त्या हट्टानं दीर वाचले.

डॉक्टरांनी समजावलं. दारू मेंदूला दाबून ठेवते, म्हणून मेंदू स्वतःला जास्त चेतवत राहतो. दारू अचानक बंद झाली की दाब जातो आणि चेतलेपण तेवढं उरतं. फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान. उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. आमच्या दिरांना आधी जीवनसत्त्व बी-१ चं इंजेक्शन दिलं, सलाइन नंतर.

रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. आधी डॉक्टर गाठा. ते काही दिवस औषध देतात आणि त्याचा डोस हळूहळू उतरवतात. "न कळत दारू सोडवा" म्हणून विकली जाणारी पूड भाजीत मिसळू नका. तिच्यात डायसल्फिराम असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. दारूपासून दूर राहण्याची पुढची लढाई मात्र महिनोन् महिने चालते. त्यासाठी पुण्याच्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलं. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

गावोगावच्या बायांना आणखी एक सांगायचंय. २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या खुणेला, पडली, तर दुकान बंद होतं. जरूर लढा. पण ज्या दिवशी दुकान बंद होईल, त्या दिवशी गावातल्या कित्येकांची दारू एकदम तुटेल, नाहीतर ते हातभट्टीकडे वळतील. म्हणून मतदानाची तारीख ठरली की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा आणि रोज पिणारे कोण कोण आहेत, ते आधीच सांगून ठेवा.