आवडता कलाकार जातो तेव्हा : श्रद्धांजलीपर निबंध कसा लिहून घ्यावा?



१५ डिसेंबर २०२४, रविवारची रात्र आठवते ना? तबलावादक उस्ताद झाकिर हुसेन गेल्याची बातमी आली. थोड्या वेळानं ती खरी नसल्याचं कळलं. सोमवारी सकाळी मात्र कुटुंबीयांनीच सांगितलं, ते सॅन फ्रान्सिस्कोत वारले. वय ७३ वर्षे.

त्या सोमवारी छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या शाळेत सातवीतला एक मुलगा गप्पच होता. तो तबला शिकतो. "सर, बातमी खोटी आहे म्हणाले, म्हणून मी झोपलो होतो," एवढंच बोलला. मागून कुणीतरी हसलं, "तुझे काय नातेवाईक होते का?"

मी सगळ्यांना त्यांच्यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. बहुतेकांनी लिहिलं : जन्म ९ मार्च १९५१, मुंबई. वडील उस्ताद अल्लारखाँ. २०२३ मध्ये पद्मविभूषण. २०२४ मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी. शेवटी 'कधीही भरून न निघणारी पोकळी'. माहिती बरोबर होती, पण वहीवरचं नाव झाकलं तर कुणाचा निबंध कोणता, ते ओळखू आलं नसतं.

त्या मुलानं लिहिलं होतं : "आजोबांच्या मोबाईलवर मी त्यांची तबल्यावरची आगगाडी ऐकली आणि क्लास लावला. माझी आगगाडी अजून स्टेशनातून हलत नाही. हलली की त्यांना ऐकवायची होती."

मी ते मोठ्यानं वाचलं. वर्ग शांत झाला. मघाशी हसलेलाच मुलगा म्हणाला, "बाकावर वाजवून दाखव ना!"

म्हणून सांगावंसं वाटतं, असा निबंध लिहून घेताना :

१. आधी ऐकवा, मग लिहायला सांगा. तबल्याचे बोलही आधी तोंडानं म्हणतात, मग हातात बसतात. आपण जन्मलो तेव्हा वडिलांनी कानात तबल्याचे बोलच म्हटले, असं झाकिरभाई सांगत. 'धा धिं धिं धा' वर्गात म्हणून, टाळी देऊन पाहा.

२. जन्म, पुरस्कार दोन-तीन ओळींत आटपा. उरलेल्या ओळींत 'मी त्यांना पहिल्यांदा कधी ऐकलं? त्यामुळे माझ्यात काय बदललं?' हे येऊ द्या.

३. 'पोकळी', 'अपरिमित हानी' असे तयार शब्द टाळायला सांगा.

आणि पालकांनो, कधीही न भेटलेल्या माणसासाठी मूल रडलं, तर "त्यात रडण्यासारखं काय?" असं म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा, "त्यांचं तुला काय आवडायचं?" निबंधाची पहिली ओळ तिथंच सापडेल.